मोटारगाडीतील विद्युत प्रज्वलन आणि भारण यंत्रणा

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारगाडीच्या इंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण योग्य क्षणी पेटविणारी यंत्रणा म्हणजे प्रज्वलन यंत्रणा, आणि या कामासाठी, दिव्यांसाठी व इंजिन सुरू करण्यासाठी लागणारी वीज गाडीतच निर्माण करून बॅटरीत साठविणारी यंत्रणा म्हणजे भारण यंत्रणा होय. आज या दोन्ही यंत्रणा एकाच विद्युत व्यवस्थेचे भाग समजल्या जातात. मोटारीच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र त्या स्वतंत्रपणे वाढल्या, आणि त्यांचा मेळ बसल्यानंतरच मोटार ही हौशी यंत्रज्ञाच्या हातून सामान्य माणसाच्या हाती आली. प्रस्तुत लेखात साधारणपणे १८६० ते १९४० या काळातील या यंत्रणांचा विकास आणि महाराष्ट्रातील त्यांचा वावर यांची माहिती दिली आहे.

डिझेल इंजिनात दाबामुळे तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते, त्यामुळे तेथे ठिणगीची गरज नसते. मात्र बॅटरी, भारण आणि सेल्फ या बाबी डिझेल गाड्यांनाही लागू होतात.

पार्श्वभूमी

अंतर्ज्वलन इंजिन चालण्यासाठी इंधन, हवा, दाब आणि ठिणगी अशा चार गोष्टी जुळून याव्या लागतात. त्यांपैकी ठिणगी ही सर्वांत हट्टी ठरली. एतिएन लन्वार या संशोधकाने १८६० मध्ये बनविलेल्या वायू-इंजिनात बॅटरी आणि प्रवर्तन वेटोळे यांच्या साहाय्याने विद्युत ठिणगी पाडली होती. त्या काळच्या बॅटऱ्या लवकर दुबळ्या होत आणि निरोधक द्रव्येही कच्ची होती. त्यामुळे १८७६ मध्ये निकोलाउस ऑटो याने चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले, तेव्हा त्याने विजेचा नाद सोडून उघडझाप करणाऱ्या झडपेतून आत नेलेली ज्योतच वापरली. कारखान्यात एका जागी संथपणे फिरणाऱ्या यंत्राला ज्योत पुरेशी होती. रस्त्यावरील खड्डे, वारा व पाऊस यांत धावणाऱ्या गाडीला ती चालण्यासारखी नव्हती.

गोटलिब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनी तप्तनळीचा मार्ग काढला. सिलिंडरच्या डोक्याशी प्लॅटिनमची एक बंद नळी बसवून ती बाहेरून बर्नरने लालबुंद ठेवली जाई. दट्ट्याने मिश्रण दाबले की ते नळीत शिरून पेट घेई. ही रचना साधी होती आणि तिला वीज लागत नसे, परंतु पेट्रोलच्या टाकीपासून हाताभर अंतरावर उघडी ज्योत जळत राही. गाडी उलटली तर काय होईल हे वेगळे सांगावयास नको. शिवाय प्रज्वलनाचा क्षण नळीच्या तापमानावर अवलंबून असल्याने तो पुढेमागे करणे जवळजवळ अशक्य होते.

कार्ल बेंझ याने विजेचा आग्रह सोडला नाही. २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी त्याने अर्ज केला, तिच्यात बॅटरी, थरथरणाऱ्या संपर्काचे वेटोळे आणि प्लग ही योजना होती. बॅटरी पुन्हा भारण्याची सोय गाडीत नव्हती. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्टा बेंझ हिने दोन मुलांना घेऊन मानहाइम ते फोर्झहाइम असा प्रवास या प्रकारच्या गाडीतून केला. वाटेत प्रज्वलनाच्या तारेचे आवरण घासून गेले, तेव्हा तिने आपल्या मोज्याच्या बंधाने तार गुंडाळून घेतली. मोटारीच्या इतिहासातील पहिली रस्त्यावरची विद्युत दुरुस्ती म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो.

पुढे १८९५ च्या सुमारास फ्रान्समधील द दिओं-बूतों या कारखान्याने लहान पण अतिशय वेगाने फिरणारे इंजिन बनविले. त्याला यांत्रिक संपर्क-तोडकाची जोड देऊन मिनिटाला दीड हजारांहून अधिक फेऱ्यांचा वेग गाठता आला. तप्तनळीच्या इंजिनांचा वेग याच्या निम्म्याच्या आसपास असे. वेग वाढवावयाचा तर ठिणगी विजेचीच हवी, हे यानंतर वादातीत झाले. ती वीज कोठून आणावयाची, हा प्रश्न तेवढा उरला.

मॅग्नेटो

मॅग्नेटो हे कायम चुंबकांचा उपयोग करणारे छोटे विद्युतजनित्र असून त्याला बॅटरी लागत नाही. इंजिन फिरले की मॅग्नेटो फिरतो आणि ठिणगी देतो. रोबर्ट बॉश याने नोव्हेंबर १८८६ मध्ये श्टुटगार्ट येथे लहानशी कर्मशाळा काढली आणि पुढच्याच वर्षी एका गिऱ्हाइकासाठी स्थिर इंजिनाचा मॅग्नेटो बनवून दिला. ही कल्पना मूळची बॉशची नव्हती. डॉइट्झ येथील कारखान्याच्या इंजिनांवर तसे यंत्र आधीच वापरात होते. बॉशचे कर्तृत्व आहे ते मॅग्नेटो विश्वासार्ह करण्यात आणि मोटारीवर चढविण्यात.

१८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स या इंग्रज व्यावसायिकाने द दिओं-बूतोंची एक तीनचाकी बॉशकडे पाठविली आणि तिला मॅग्नेटो बसवून मागितला. स्थिर इंजिनाच्या मॅग्नेटोत तारेचे जड वेटोळे मागेपुढे झुलत असे; एवढ्या वेगाला ते टिकणे शक्य नव्हते. बॉशचा सहकारी आर्नोल्ड त्सेरिंगर याने वेटोळे स्थिर ठेवले आणि त्याच्याभोवती लोखंडाची हलकी वाटी झुलविली. अडचण सुटली, पण अर्धीच. या मॅग्नेटोची वीज कमी दाबाची असल्याने ठिणगी पाडण्यासाठी सिलिंडरच्या आत हलणारे संपर्कबिंदू ठेवावे लागत. त्यांना जोडणारे दांडे, स्प्रिंगा आणि कॅम यांचा पसारा सतत झिजे व बिघडे.

तो पसारा गोटलोब होनोल्ड याने काढून टाकला. त्याने एकाच गाभ्यावर जाड तारेचे थोडे व बारीक तारेचे असंख्य वेढे घेतले. जाड तारेतील प्रवाह ऐन वेळी तोडला की बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होई आणि सिलिंडरमधील स्थिर प्लगच्या दोन टोकांमधील फट ओलांडून ठिणगी उडे. या उच्चदाब मॅग्नेटोसोबतच्या प्लगचे पेटंट जानेवारी १९०२ चे आहे. बॉशच्या आजच्या बोधचिन्हातील वर्तुळात जी आकृती दिसते, ती याच मॅग्नेटोच्या गाभ्याची असून तीही होनोल्डनेच १९१८ मध्ये रेखाटली.

मॅग्नेटोचा गुण व दोष एकाच गोष्टीत आहे. इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी जोरकस होते. पण सुरू करताना, म्हणजे जेव्हा तिची सर्वाधिक गरज असते तेव्हा, ती सर्वांत क्षीण असते. बॅटरी व वेटोळे यांच्या ठिणगीचे वर्तन नेमके उलटे असते. म्हणूनच रोल्स-रॉइससारख्या महागड्या गाड्यांत दोन्ही व्यवस्था असत.

हेन्री फोर्डने १९०८ च्या ‘मॉडेल टी’ गाडीत वेगळीच तडजोड केली. गतिचक्रावरच सोळा चुंबक बसवून त्यांच्यापासून मिळणारी कमी दाबाची प्रत्यावर्ती वीज त्याने लाकडी पेटीतील चार थरथरत्या वेटोळ्यांना पुरविली. १९१५ पासून याच विजेवर पुढचे दिवेही लावण्यात आले. इंजिन जोरात तर दिवे प्रखर, इंजिन मंद तर दिवेही मंद, असा तो प्रकार होता. रात्री खड्ड्यापाशी गाडी हळू केली की नेमका तेव्हाच उजेड कमी होई.

पहिले महायुद्ध आणि मॅग्नेटोची टंचाई

१९१४ पर्यंत उच्चदाब मॅग्नेटोच्या बाजारावर श्टुटगार्टची जवळजवळ मक्तेदारी होती. ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारले आणि आपल्या लष्करी मोटारींसाठी व विमानांसाठी मॅग्नेटो आता शत्रूकडूनच यावयाचे, हे त्या सरकारच्या ध्यानात आले. देशात हे काम जाणणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकस कंपनीने थॉमसन-बेनेट हा मॅग्नेटोचा कारखाना त्याच वर्षी विकत घेतला आणि ब्रिटिश मोटारींच्या विद्युत सामग्रीत तिचे जे वर्चस्व पुढे अर्धशतक टिकले, त्याची ही सुरुवात होती. अमेरिकेत बॉशची मालमत्ता १९१८ मध्ये शत्रूची संपत्ती म्हणून सरकारने ताब्यात घेतली.

भारताचा या कथेशी संबंध कच्च्या मालाच्या रूपाने येतो. उच्च दाबाची वीज अडविण्यासाठी आणि मॅग्नेटोतील संधारित्रांसाठी उत्तम अभ्रक लागे. जगातील पत्रीच्या अभ्रकाचा मोठा वाटा त्या काळी भारतातून, मुख्यतः बिहारमधील कोडर्मा परिसरातून जात असे. अभ्रक येथून जावे आणि मॅग्नेटो तिकडून यावा, हा व्यवहार स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालू राहिला.

हँडल आणि सेल्फ

इंजिन सुरू करण्यासाठी गाडीच्या पुढून लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवावे लागे. ठिणगी किती आधी पडावी हे ठरविणारी एक दांडी सुकाणूपाशी असे. सुरू करताना ती मागे घेण्यास चालक विसरला, तर दट्ट्या वर पोचण्यापूर्वीच स्फोट होऊन इंजिन उलटे फिरे आणि हँडल हाताला झटका देई. मनगट मोडणे, अंगठा निखळणे, जबड्यावर तडाखा बसणे हे अपघात इतके नित्याचे होते की हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि हँडल खाली दाबण्याऐवजी वर ओढावे, हे नव्या चालकास प्रथम शिकविले जाई. हँडल फिरविण्यास ताकद लागत असल्याने वृद्ध व्यक्तींना आणि अनेक स्त्रियांना एकट्याने पेट्रोल मोटार चालविणे अवघड होते. शहरांतून विजेच्या मोटारी काही काळ लोकप्रिय राहिल्या, त्यामागे हेही एक कारण होते.

चार्ल्स केटरिंग हा अमेरिकेतील डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत अभियंता होता. गल्ल्याचे यंत्र विजेवर चालविण्यासाठी त्याने एक छोटी मोटर योजली होती. गल्ल्याचा खण उघडण्यापुरती ही मोटर क्षणभरच चालावयाची, त्यामुळे तिच्यावर क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक भार टाकता येतो, हे त्याला या कामातून उमगले. मोटारीला सेल्फ बसवावयाचा तर जवळजवळ इंजिनाएवढीच मोठी मोटर लागेल, अशी तेव्हाच्या जाणकारांची समजूत होती. तासन्‌तास चालणाऱ्या मोटरीपुरती ती खरी होती. काही सेकंद चालणाऱ्या मोटरीला ती लागू नव्हती.

केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये स्थापन केलेल्या डेल्को कंपनीने आधी कॅडिलॅक मोटारीसाठी बॅटरीवरील सुधारित प्रज्वलन यंत्रणा दिली. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांच्या मागणीवरून पुढे सेल्फ तयार झाला आणि १९१२ च्या कॅडिलॅकवर तो सरसकट आला. या योजनेत एकच यंत्र सुरुवातीला मोटर म्हणून इंजिन फिरवी आणि इंजिन चालू झाले की विद्युतजनित्र बनून बॅटरी भरी. सुरू करताना बॅटरीचे भाग एकसर जोडून २४ व्होल्ट दाब मिळविला जाई. भारण व दिवे यांच्यासाठी ते समांतर जोडून ६ व्होल्टवर काम चाले. सेल्फच्या शोधाचा मान केटरिंगला दिला जातो, तो तपशिलात पाहिल्यास या संपूर्ण मेळाचा मान आहे. सुटी विद्युत मोटर लावून इंजिन फिरविण्याचे प्रयत्न त्याच्या आधीही झाले होते. प्रज्वलन, दिवे, सेल्फ आणि भारण ही चार कामे एका बॅटरीभोवती त्याने प्रथम यशस्वीपणे बांधली.

मोटर व जनित्र एकत्र ठेवण्याची ही पद्धत मात्र फार टिकली नाही. दोन कामांच्या गरजा परस्परविरोधी असल्याने सेल्फ आणि डायनॅमो लवकरच वेगळे झाले. सेल्फचे छोटे दातेरी चाक गतिचक्रात आपोआप अडकविण्याची व सोडविण्याची युक्ती व्हिन्सेंट बेंडिक्स याच्या नावाने १९१४ च्या सुमारास प्रचारात आली. गावोगावचे मोटार-इलेक्ट्रिशियन या भागाला आजही ‘बेंडिक्स’ म्हणतात. ते एका माणसाचे आडनाव आहे हे बहुधा कोणाच्या ध्यानी नसते.

भारणाचा प्रश्न

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये लावला आणि कामिय फोर याने १८८१ मध्ये लेप दिलेल्या पट्ट्या वापरून ती व्यवहारोपयोगी केली. प्रत्येक घराचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो, म्हणून तीन घरांची बॅटरी ६ व्होल्टची व सहा घरांची १२ व्होल्टची. अगदी आरंभीच्या मोटारींत ही बॅटरी भारण्याची सोय नसल्याने ती उतरली की काढून वीजघरात न्यावी लागे. दिवे विजेचे नसतच. कार्बाइडवर थेंबथेंब पाणी पडून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूवर किंवा घासलेटवर ते जळत.

गाडीवर डायनॅमो बसविणे यात अवघड काही नाही. अवघड आहे ते त्याला आवरणे. वीजघरातील जनित्र ठरावीक वेगाने फिरते. मोटारीतील डायनॅमोचा वेग मात्र चढ, उतार, गर्दी आणि चालकाची लहर यांप्रमाणे सारखा बदलतो. वेग कमी असताना त्याचा दाब बॅटरीच्या दाबाखाली जातो. तेव्हा वीज उलटी वाहून बॅटरीच डायनॅमोला मोटरीसारखे फिरवू पाहते व रिकामी होते. हे टाळण्यासाठी ‘कटआउट’ नावाचे विद्युतचुंबकी झाकण लावले गेले. दाब पुरेसा चढला की ते मिटते आणि प्रवाह उलटू लागताच उघडते.

वेग वाढला की अडचण दुसऱ्या टोकाची येते. दाब अनावर वाढून दिवे जळतात आणि बॅटरीतील पाणी उकळल्यासारखे बुडबुडते. यावर तिसऱ्या ब्रशचा उपाय बराच काळ रूढ होता. डायनॅमोच्या दोन मुख्य ब्रशांखेरीज तिसरा एक ब्रश लावून त्यातून चुंबकक्षेत्राच्या वेटोळ्याला वीज दिली जाई. वेग व प्रवाह वाढला की आर्मेचरच्या स्वतःच्या चुंबकत्वामुळे क्षेत्र एका बाजूला ढळते, तिसऱ्या ब्रशाला मिळणारा दाब घटतो आणि क्षेत्र आपोआप क्षीण होते. एकही हलता भाग न वाढविता यंत्राचा दोषच त्याला आवर घालतो, ही योजना खरोखर चतुर होती.

तिच्या मर्यादा मात्र गिऱ्हाइकाला भोवत. ब्रशाची जागा प्रवाह ठरवी. बॅटरी भरलेली आहे की रिकामी याची त्याला दखल नसे. दिवसा लांबच्या प्रवासात भरलेल्या बॅटरीत वीज कोंबली जाई, आणि रात्रीच्या थोड्याथोड्या फेऱ्यांत ती उपाशी राही. त्यामुळे उन्हाळा व हिवाळा यांप्रमाणे कारागिराकडून तिसऱ्या ब्रशाची जागा सरकवून घ्यावी लागे. बॅटरीची तार निसटली तर दाब एकदम चढून दिव्यांचे गोळे एकापाठोपाठ उडत, तो धोका वेगळाच. १९३० नंतर कंपन पावणाऱ्या संपर्काचे दाब-नियंत्रक आले आणि बॅटरीच्या स्थितीप्रमाणे भारण कमीअधिक होऊ लागले.

गाडीत भरवशाची वीज सतत मिळू लागताच मॅग्नेटोची गरज ओसरली. वेटोळे, संपर्क-तोडक आणि वितरक यांची केटरिंगने रूढ केलेली व्यवस्था स्वस्त व सुरू होण्यास सोपी होती. खुद्द बॉशनेही १९२५ मध्ये बॅटरीवरील प्रज्वलन यंत्रणा बाजारात आणली. या व्यवस्थेवर केवढा भार पडतो, हे साध्या गणिताने समजते. चार सिलिंडरांचे चार टप्प्यांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल, तर त्याला मिनिटाला ६,००० म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या लागतात, आणि प्रत्येक ठिणगीपूर्वी संपर्कबिंदू एकदा मिटून एकदा उघडावा लागतो. त्या उघडझापीत बिंदू जळू नयेत म्हणून लावलेले संधारित्र बिघडले, की ‘पॉइंट’ काळे पडून गाडी झटके देऊ लागते.

महाराष्ट्रातील वापर

मुंबईत १८९८ मध्ये पहिल्या चार मोटारी आल्या व त्यांपैकी एक जमशेटजी टाटा यांची होती, असे सांगितले जाते. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली आणि खोपोली येथील टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. उतरलेली बॅटरी पुन्हा भारून आणण्याची सोय अशा वीज पोचलेल्या शहरांपुरतीच असल्याने मुंबईबाहेरच्या प्रवासासाठी मॅग्नेटोची गाडी अधिक भरवशाची होती. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडी येथे जुळणी कारखाना सुरू केला. तोवर अमेरिकन गाड्यांत सेल्फ, डायनॅमो व वेटोळ्याचे प्रज्वलन रूढ झालेले होते, आणि भारतात जुळणी केलेल्या गाड्याही त्याच घडणीच्या होत्या.

मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. आजचा हिंगोली जिल्हा, त्यातील सेनगाव व पुसेगाव यांसह, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात येई. संस्थानाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी स्वतःची मोटारवाहतूक सुरू केली. खेड्यांत वीज पोचण्याच्या कितीतरी आधी गाडीखालचा डायनॅमो हेच अनेकांनी पाहिलेले पहिले वीज निर्माण करणारे यंत्र होते. पुढे बॅटरीवरचे रेडिओ व ध्वनिक्षेपक आले आणि तालुक्याच्या गावी बॅटरी ‘चार्ज’ करून देणारी दुकाने निघाली. त्यांची विद्या मोटारीच्याच बॅटरीवर घडलेली होती.

मराठवाड्यातील उन्हाळा बॅटरीला मानवत नाही. पाण्याची वाफ होऊन पट्ट्या उघड्या पडतात आणि तीव्र आम्ल उष्णतेत पट्ट्या लवकर खाते. थंड देशांत पूर्ण भरलेल्या बॅटरीतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२८ च्या आसपास ठेवतात; उष्ण प्रदेशांत ते १.२४ च्या जवळपास ठेवणे हितकर मानले गेले. टाकीतील किंवा विहिरीचे क्षारयुक्त पाणी बॅटरीत घालू नये, ऊर्ध्वपातित पाणीच घालावे, हा नियम सर्व हस्तपुस्तिकांत असे आणि टंचाईच्या दिवसांत सर्वत्र मोडला जाई.

बॉशची भारतातील विक्री १९२२ मध्ये कोलकात्यातून सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने, म्हणजे ‘मायको’ने, प्लगांचे देशी उत्पादन केले. तिचा नाशिकचा कारखाना पुढे डिझेल इंजिनांच्या इंधन-फवाऱ्यांसाठी उभा राहिला. सेल्फ व डायनॅमो यांसाठी मद्रास येथे १९६१ मध्ये ल्यूकस-टीव्हीएस स्थापन झाली. बॅटऱ्यांचा एक मोठा कारखाना १९६९ मध्ये चिंचवडला आला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनविलेल्या फियाट आणि पुढे पद्मिनी या गाड्यांत वेटोळे, वितरक व पॉइंट हीच केटरिंगची परंपरा चालत राहिली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली.

मॅग्नेटोचा अवतार

मोटारींतून गेलेला मॅग्नेटो दुचाकींत टिकून राहिला. आकुर्डीच्या बजाज ऑटोच्या जुन्या स्कूटरींत गतिचक्रावरील मॅग्नेटोच ठिणगी देई, म्हणून बॅटरी नसली तरी कीक मारून स्कूटर सुरू होत असे. पावसात प्लग ओला झाला की तो काढून, पुसून, पॉलिश कागदाने घासून परत बसविणे हे स्कूटर बाळगणाऱ्या मध्यमवर्गीय मराठी घरांत प्राथमिक ज्ञानाइतके सामान्य होते. स्कूटर एका कुशीवर कलंडण्याची रीत मात्र प्लगासाठी नव्हती. ती कार्ब्युरेटरकडे पेट्रोल नेण्यासाठी होती. दट्ट्यांच्या इंजिनांच्या विमानांत अजूनही प्रत्येक इंजिनाला दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात, कारण सर्व वीज गेली तरी ठिणगी बंद पडून चालत नाही.

१९६० नंतर सिलिकॉन डायोड स्वस्त झाले आणि डायनॅमोची जागा अल्टरनेटरने घेतली. अल्टरनेटर मंद गतीतही बॅटरी भारतो आणि डायोड उलटा प्रवाह अडवीत असल्याने त्याला कटआउट लागत नाही. १९७० नंतर ट्रान्झिस्टर आल्याने पॉइंटही हळूहळू गेले. भारतात २००० पासून उत्सर्जनाचे कडक नियम लागू झाल्यावर पेट्रोल मोटारींत प्रज्वलन व इंधनपुरवठा ही दोन्ही कामे संगणकीय नियंत्रकाकडे सोपविण्यात आली.

शेतीत मॅग्नेटो अजून रोजच्या वापरात आहे. कापूस व सोयाबीनवर फवारणीसाठी वापरल्या जाणाऱ्या पाठीवरच्या पेट्रोल पंपात, तसेच गवत व झुडपे कापण्याच्या यंत्रांत गतिचक्रावरील चुंबकच ठिणगी निर्माण करतो. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक तुकडा आला आहे, एवढाच फरक. असा पंप दोरी ओढूनही सुरू न झाल्यास प्रथम प्लग काढून त्याची फट व काजळी पाहावी. त्यानंतर चुंबक व वेटोळे यांमधील अंतर तपासावे. पोस्टकार्डाएवढ्या जाडीचा कागद मध्ये ठेवून ते जुळविण्याची पद्धत दुरुस्ती करणाऱ्यांत रूढ आहे.

हेही पाहा: अंतर्ज्वलन इंजिन, शिसे-आम्ल बॅटरी, विद्युतजनित्र, कार्ब्युरेटर.